तीस शब्दांचा तह

माहिती मिळविणारा एक आणि ती लोकांच्या दारापर्यंत पोंचविणारा दुसरा, हा श्रमविभाग छापखान्याच्या काळापासून चालत आलेला आहे. जोंपर्यंत हे दोघे एकमेकांस धरून असतात तोंपर्यंत त्यांच्यांतील हिशेबाची वाचकास खबरहि नसते. परंतु पोंचविणाऱ्याच्या हातीं एखादें नवें साधन येतें, मिळविणाऱ्याच्या मालाचें सार काढून तें परभारें वाटणें त्यास शक्य होतें, आणि मग तो हिशेब चव्हाट्यावर येतो. कज्जे होतात, तह होतात, बहिष्कार पडतात. आणि या गलबल्यांत, माहिती मिळविण्याचा खर्च यापुढें कोणीं सोसावयाचा, हा मूळ प्रश्न बहुधा मागें पडतो.

आज हा प्रसंग पुन्हां आला आहे. गेलीं वीस-पंचवीस वर्षें सुशिक्षित घरांतून कोणतीहि शंका निघाली कीं, ती गूगलसारख्या शोधयंत्रास विचारण्याची संवय पडली आहे. शोधयंत्र दहा ठिकाणांचे पत्ते देई, आणि त्यांपैकीं एखाद्या ठिकाणीं जाऊन आपण माहिती वाचीत असूं. २०२४ पासून ही रीत पालटली. आतां पुष्कळ प्रश्नांच्या बाबतींत पत्त्यांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेनें जुळविलेलें तयार उत्तरच येतें. पत्ते त्याच्या आजूबाजूस व खालीं असतात; पण उत्तर हातीं आल्यावर पत्त्याची गरज कोणास? ही सोय लहान नाहीं. तथापि ज्या संकेतस्थळांच्या लेखनावरून तें उत्तर जुळविलें गेलें त्यांच्याकडे जाणारी वाट यामुळें ओस पडत चालली आहे, अशी अनेक देशांतील प्रकाशकांची तक्रार आहे. या तक्रारींत तथ्य किती आणि नुसतें गाऱ्हाणें किती, हें ठरवावयाचें तर केवळ आजच्या आंकड्यांवर विसंबून चालणार नाहीं. असाच एक तंटा नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वीं अमेरिकेंत वर्तमानपत्रें आणि रेडिओ यांच्यांत झाला होता. तो आज फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें प्रथम मांडतों.

अमेरिकेंत रेडिओचा जन्म वर्तमानपत्रांच्या वैरांत झाला नाहीं. २ नोव्हेंबर १९२० रोजीं पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकविले, तेव्हां ते निकाल केंद्रास टेलिफोनवरून पुरविले होते ते एका स्थानिक वर्तमानपत्रानेंच. पुढें अनेक वर्तमानपत्रांनीं स्वतःचीं रेडिओकेंद्रेंहि काढलीं. नवें खेळणें म्हणून तें घरांत आलें होतें. त्याच्यापासून धोका आहे असें कोणास वाटलें नाहीं. १९२९ नंतरच्या मंदीनें हा समज पालटला. वर्तमानपत्रांचें जाहिरातींचें उत्पन्न घटत चाललें, आणि त्याच काळांत रेडिओचें मात्र वाढत गेलें. १९३२ च्या मार्चमध्यें वैमानिक लिंडबर्ग यांच्या बालकाच्या अपहरणाची बातमी आणि नोव्हेंबरांत रूझवेल्ट यांच्या निवडणुकीचे निकाल लोकांनीं घरबसल्या ऐकले. दुसऱ्या दिवशींचा अंक हातीं पडेपर्यंत त्यांतील मुख्य बातमी शिळी झालेली होती. आणि शिळी करणारा माल बव्हंशीं वर्तमानपत्रांच्याच वृत्तसंस्थांनीं पुरविलेला होता!

१९३३ च्या एप्रिलांत असोसिएटेड प्रेस या वर्तमानपत्रांच्या सहकारी संस्थेनें रेडिओच्या जाळ्यांस बातम्या देणें बंद करण्याचें ठरविलें. इतर दोन मोठ्या संस्थाहि तिच्या मागोमाग गेल्या. तेव्हां रेडिओकंपन्यांनीं आपल्या वाटा शोधल्या. कोलंबिया कंपनीनें पॉल व्हाइट यांच्या देखरेखीखालीं स्वतःची वृत्तसंस्था उभारली. एनबीसी कंपनीचे शेक्टर यांनीं केवळ टेलिफोनच्या बळावर बातम्या गोळा करण्याचा सपाटा लाविला. परंतु हा खर्च दोघांसहि जड होता, आणि वर्तमानपत्रांचा रोष पत्करण्याची तयारीहि नव्हती. अखेर डिसेंबर १९३३ मध्यें न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलांत उभयपक्षांची बैठक होऊन एक तह ठरला.

त्या तहाचीं कलमें आज वाचतांना मौज वाटते. वृत्तसंस्थांच्या बातम्यांवरून संक्षेप करून देण्यासाठीं एक स्वतंत्र कचेरी स्थापावी. तिनें दिवसांतून दोनच वेळां, पांच पांच मिनिटें पुरतील एवढ्याच बातम्या द्याव्या. सकाळचें वृत्त साडेनऊच्या आधीं आणि रात्रींचें नऊच्या आधीं सांगूं नये, म्हणजे दोन्ही वेळचे अंक तोंवर विकले जातील. एका बातमीस तीसांहून अधिक शब्द खर्चूं नयेत. या वृत्तास जाहिरातदार जोडूं नये. आणि सविस्तर हकीकतीसाठीं आपलें स्थानिक वर्तमानपत्र पाहावें, असें श्रोत्यांस सांगावें. कोलंबिया कंपनीनें आपली वृत्तसंस्था मोडून टाकण्याचेंहि कबूल केलें. इंग्लंडांत १९२२ मध्यें बीबीसीचा आरंभ झाला तेव्हां तिजवरहि अशीच अट लादली गेली होती. संध्याकाळीं सातच्या आधीं बातम्या सांगण्याची तिला मुभा नव्हती, आणि बातम्या घ्यावयाच्या त्या रॉयटरप्रभृति संस्थांकडूनच.

या तीस शब्दांच्या मर्यादेस हंसणें सोपें आहे. पण ती घालणारे लोक अडाणी नव्हते. संक्षेप आणि मूळ यांचें नातें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. संक्षेप थोडका असला तर तो मुळाची जाहिरात करतो. पुरेसा झाला तर मुळाची जागा घेतो. चव दाखवावी, पोट भरूं नये, एवढाच त्या कलमाचा अर्थ. फक्त ही रेघ कायद्यानें ओढतां येईल आणि ती टिकेल, हा त्यांचा भरंवसा चुकीचा ठरला. लहान लहान स्वतंत्र केंद्रांनीं तह मानलाच नाहीं. १९३४ मध्यें ट्रान्सरेडिओ नांवाची नवी वृत्तसंस्था निघाली व ती त्यांस हव्या तितक्या बातम्या विकूं लागली. तें पाहून १९३५ मध्यें दोन जुन्या संस्थांनींहि जाहिरातदारांच्या पैशावर चालणाऱ्या वृत्तासाठीं आपला माल खुला केला. तहानें निर्मिलेली कचेरी कशीबशी १९४० पर्यंत तग धरून राहिली आणि बंद पडली.

परंतु या गोष्टीचा शेवट वर्तमानपत्रांच्या नाशांत झाला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील दैनिकांचा खप वाढतच गेला. नव्या साधनाची भीति बाळगणाऱ्यांस आज हाच दाखला दिला जातो: रेडिओनें वर्तमानपत्र मेलें नाहीं, तेव्हां यंत्राच्या उत्तरांनीं लेखक मरणार नाहीं. दाखला खरा आहे. पण त्याचें कारण सांगण्याचें पुष्कळ जण विसरतात. १३ मार्च १९३८ रोजीं, ऑस्ट्रिया हिटलरच्या घशांत जात असतां, कोलंबिया कंपनीनें निरनिराळ्या युरोपीय राजधान्यांतील आपलीं माणसें एका कार्यक्रमांत बोलतीं केलीं. एडवर्ड मरो व्हिएन्नाहून बोलले, विल्यम शायरर लंडनहून. १९४० मध्यें लंडनवर बाँब पडत असतां तेथील हकीकत मरो यांच्या तोंडून अमेरिकेनें ऐकली. म्हणजे रेडिओनें दुसऱ्याच्या बातमीचें सार सांगण्याचा धंदा सोडून स्वतः माणसें नेमलीं, त्यांस परदेशीं पाठविलें आणि त्यांचा पगार भरला. पोंचविणारा स्वतःच मिळविणारा झाला. समाजाच्या दृष्टीनें बातमी मिळविणारे हात कमी न होतां वाढले, आणि म्हणून तो तंटा सुखान्त झाला. हें सूत्र ध्यानांत ठेवून आतां आपल्या काळाकडे वळूं.

इंटरनेटवरील लेखनाचा जेव्हां सुकाळ नव्हता तेव्हां त्याची यादी माणसें हातानें करीत. १९९४ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोन विद्यार्थ्यांनीं याहू ही अशीच एक वर्गवार यादी म्हणून सुरूं केली. त्याच वर्षीं मार्टाइन कोस्टर या संगणकतज्ज्ञानें एक साधी रूढि सुचविली. शोधयंत्रांचे फिरते वाचक संकेतस्थळांवर येऊन सर्व पानें चाळून जात. त्यांच्यासाठीं दारावर एक पाटी असावी, आणि कोणत्या दालनांत शिरूं नये तें तीवर लिहावें. ही पाटी निव्वळ सौजन्याची होती. तिला कायद्याचें बळ नव्हतें. तरीहि ती बहुतांशीं पाळली गेली, कारण पाळण्यांत दोघांचाहि लाभ होता. १९९८ मध्यें गूगलचा उदय झाला. ज्या पानाकडे इतर पुष्कळ पानें बोट दाखवितात तें पान अधिक विश्वसनीय, ही विद्वानांच्या ग्रंथनिर्देशांवरून सुचलेली कल्पना तिनें अंमलांत आणली, आणि थोडक्याच वर्षांत जगाचा प्रश्न विचारण्याचा उंबरठा तीच होऊन बसली.

येथें एक तह झाला. पण तो कोठें लिहिला गेला नाहीं. तुझें लेखन माझ्या यंत्रास वाचूं दे, मी तुझ्याकडे वाचक पाठवीन, एवढेंच त्याचें कलम. शोधयंत्र पानाचें नांव व दोन ओळींचा मासला दाखवी. बिल्टमोरच्या तीस शब्दांची मर्यादा येथें कोणी न घालतां आपोआप पाळली जात होती. २००३ मध्यें गूगलनें लहान संकेतस्थळांवर जाहिराती लावून त्यांचें उत्पन्न वांटून घेण्याची सोय काढली, तेव्हां या तहास पैशाचेंहि बळ आलें. ज्याच्यापाशीं छापखाना नाहीं, वितरक नाहीं, असा शिक्षक, बागवान, पाककुशल गृहिणी किंवा एखाद्या दुर्मिळ यंत्राचा जाणकार आपल्या घरीं बसून लिहूं लागला आणि त्यास वाचक मिळूं लागले. ज्ञानप्रसाराच्या इतिहासांत ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि या तहानें लेखनाचें धोरणहि बदललें, आणि तें सर्वस्वीं चांगल्यासाठीं नव्हे. पूर्वीं लेखक आपणांस काय सांगावयाचें आहे तें पाही. आतां लोक काय विचारतात तें आधीं पाहूं लागला. त्यांत गैर कांहीं नव्हतें; परंतु पुढें प्रश्नांचे शब्द मोजून लेखांत पेरण्याची विद्याच निर्माण झाली. डिमांड मीडियासारख्या कंपन्यांनीं अल्प मोबदल्यावर हजारों लेख लिहवून घेतले; त्यांचा वाचक माणूस नसून शोधयंत्र होता. २०११ च्या फेब्रुवारींत गूगलनें आपली क्रम लावण्याची पद्धति बदलून या कारखान्यांस तडाखा दिला. तरी मूळ खोड गेली नाहीं. खिचडीची कृति शोधणाऱ्यास आधीं खिचडीचा इतिहास, मग आजीच्या आठवणी आणि मध्यंतरीं सात जाहिराती ओलांडाव्या लागत. आज प्रकाशक जी तक्रार करीत आहेत तिच्याविषयीं वाचकांस म्हणावी तशी सहानुभूति वाटत नाहीं, याचें एक कारण या पाल्हाळांत आहे.

अलिखित तह मोडावयास वेळ लागत नाहीं. तो मोडल्याचें कळावयास मात्र लागतो. २०१२ च्या मे महिन्यांत गूगलनें शोधाच्या बाजूस माहितीची एक चौकट दाखविण्यास आरंभ केला. एखाद्या व्यक्तीचा जन्म, मृत्यु, ग्रंथ इत्यादि तेथेंच दिसूं लागले. त्यांतील बराच भाग विकिपीडियाच्या स्वयंसेवकांच्या श्रमांतून आलेला होता. २०१४ च्या सुमारास एखाद्या पानांतील नेमका उतारा उचलून तो सर्वांच्या वर मांडण्याची प्रथा पडली. उताऱ्याखालीं पानाचें नांव असे. म्हणून आपलाच उतारा उचलला जावा यासाठीं लेखक धडपडूं लागले. मथळा प्रश्नाच्या रूपांत द्यावा, आणि लगेच खालीं चाळीस-पन्नास शब्दांत उत्तर लिहावें, असा सल्ला धंद्यांतील जाणते देत. आपली जागा घेणारा संक्षेप लेखक स्वतःच्याच हातानें तयार करून देत होता!

या काळांतील एक प्रकरण सांगण्याजोगें आहे. जीनियस नांवाच्या संकेतस्थळावर लोक गीतें उतरवून घेत. आपण उतरविलेलीं गीतें गूगलच्या चौकटींत जशींच्या तशीं दिसतात, असा त्यांस संशय आला. तेव्हां त्यांनीं गीतांतील उद्गारचिन्हांस नव्हे, तर शब्दांतील लोपचिन्हांस हात घातला. कांहीं सरळ ठेवलीं, कांहीं वांकडीं. तारायंत्राच्या भाषेंत तीं बिंदु व रेषा म्हणून वाचलीं असतां ‘रंगेहात’ या अर्थाचे इंग्रजी शब्द होत. तींच चिन्हें गूगलवर उमटलीं, असें त्यांनीं २०१९ मध्यें जाहीर केलें. आपण तीं गीतें रीतसर परवान्यानें दुसऱ्या एका कंपनीकडून घेतों, असा गूगलचा खुलासा होता. दावा झाला आणि जीनियस हरली. गीतांचा स्वामित्वहक्क मूळ धन्यांचा असल्यामुळें उतरवून घेणाऱ्यास दाद मागतां येत नाहीं, असें न्यायालयांनीं ठरविलें, आणि २०२३ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें.

हा निकाल कायद्याच्या जुन्या धोरणास धरूनच आहे. १९१८ मध्यें एका वृत्तसंस्थेनें दुसरीच्या बातम्या उचलून विकल्या, तेव्हां त्याच न्यायालयानें, बातमी ताजी आहे तोंवर प्रतिस्पर्ध्यानें दुसऱ्याच्या पेरणीवर कापणी करूं नये, असा संकोचानें निर्णय दिला होता. पण १९९१ मध्यें, टेलिफोनधारकांच्या यादीसंबंधींच्या दाव्यांत, नुसत्या वस्तुस्थितीवर कोणाचा मालकीहक्क असूं शकत नाहीं, मग ती गोळा करण्यांत कितीहि घाम गाळलेला असो, असें त्यानें स्पष्ट केलें. हें तत्त्व आम्हांस योग्य वाटतें. वस्तुस्थितीवर मालकी आली तर विद्येचा व्यवहारच बंद पडेल. परंतु त्यांतून एक अडचण उरते ती उरतेच. शब्दांस कायद्याचें कवच आहे, श्रमांस नाहीं. आणि नवें यंत्र नेमके शब्द टाकून श्रमाचें फळ घेतें.

१४ मे २०२४ रोजीं गूगलनें अमेरिकेंत सर्वांसाठीं ही नवी उत्तरें सुरूं केलीं; त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तीं भारतांत इंग्रजी व हिंदींतून आलीं. पूर्वींचा उतारा एकाच पानाचा, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्या नांवासह असे. आतांचें उत्तर अनेक पानें एकत्र कांडून केलेलें असतें. कोणाचे दाणे किती, हें पीठ पाहून सांगतां येत नाहीं. आरंभीं त्यांत हास्यास्पद प्रमाद झाले. पिझ्झ्यावरील चीज घसरत असल्यास त्यांत डिंक मिसळावा, असा सल्ला एकदां यंत्रानें दिला. तो एका गप्पांच्या फळ्यावर कोणीं वर्षांपूर्वीं केलेल्या थट्टेवरून घेतलेला होता. असले दोष सुधारतात व सुधारलेहि. आमचा आक्षेप त्यांवर नाहीं. उत्तर जितकें अधिक बरोबर, तितका आमचा प्रश्न अधिक बिकट होतो.

आंकडे काय सांगतात तें पाहूं. अमेरिकेच्या प्यू संशोधनकेंद्रानें मार्च २०२५ मध्यें ९०० प्रौढांनीं केलेल्या शोधांचा अभ्यास केला. यंत्राचें उत्तर दिसलें नाहीं तेव्हां शेंकडा १५ वेळां लोकांनीं खालच्या एखाद्या दुव्यावर जाण्याचे कष्ट घेतले. उत्तर दिसलें तेव्हां शेंकडा ८ वेळां. खुद्द उत्तरांत दिलेल्या आधाराच्या दुव्यावर गेले ते शेंकडा १. गूगलनें या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. संकेतस्थळांकडे जाणाऱ्या एकंदर वाचकांची संख्या वर्षभरांत बरीचशी स्थिर आहे आणि जाणारे अधिक वेळ तेथें थांबतात, असें तिनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें सांगितलें. परंतु विकिमीडिया संस्थेनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, विकिपीडियावर येणाऱ्या मनुष्य-वाचकांच्या भेटी मागील वर्षाच्या त्याच महिन्यांच्या मानानें सुमारें शेंकडा ८ नीं घटल्याचें कळविलें. आणि ही संस्था तर जाहिरातीहि घेत नाहीं. विद्यार्थ्यांस शिकवणीसाहाय्य देणाऱ्या चेग कंपनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें, आणि रोलिंग स्टोन या मासिकाच्या प्रकाशकांनीं सप्टेंबरांत, गूगलवर दावे लावले.

या तंट्यांत एक बारकावा आहे तो सामान्य वाचकास ठाऊक नसतो. प्रकाशकास वाटेल तर त्यानें यंत्रास मनाई करावी, असें सहज म्हटलें जातें. पण या उत्तरांचा आरंभ झाला तेव्हां व्यवस्था अशी होती कीं, आपलें लेखन त्यांत घेऊं नये असें सांगावयाचें तर नेहमींच्या शोधांतील दोन ओळींच्या मासल्यासहि मुकावें लागे. म्हणजे दुकानांतील माल फुकट वाटूं द्यावयाचा नसेल तर दुकानाची पाटीच उतरवावी! बिल्टमोरच्या तहांत निदान दोन्ही पक्ष मेजाभोंवतीं बसले होते. येथें एका पक्षानें कलमें लिहिलीं आणि दुसऱ्यास तीं दारावर डकविलेलीं आढळलीं.

दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. ज्या माउलीस रात्रीं दोन वाजतां मुलाच्या तापाविषयीं दोन ओळी हव्या आहेत, तिनें सात जाहिराती ओलांडाव्या असा आग्रह कोणीं धरूं नये. जीं संकेतस्थळें स्वतः कांहींहि न मिळवितां दुसऱ्यांचेंच फिरवून लिहीत होतीं, त्यांचा धंदा बसला तर समाजाचें कांहीं गेलें नाहीं. यंत्र तेंच काम अधिक नेटकें करतें. परंतु सुक्याबरोबर ओलेंहि जळतें. कोणी तरी नगरसभेच्या बैठकीस बसून टिपण घेतलेलें असतें, कोणी तरी औषधाचा परिणाम वर्षभर पाहिलेला असतो, कोणी तरी किल्ल्याची पडकी वाट स्वतः चालून मोजलेली असते. यंत्र ही पायपीट करीत नाहीं. करूंहि शकत नाहीं. रेडिओशीं असलेलें त्याचें साम्य येथें संपतें. रेडिओनें मरो यांस लंडनला ठेवलें; उत्तरयंत्राचा लंडनमध्यें कोणीहि नाहीं. त्याचा सर्व साठा त्यांच्याकडून येतो, ज्यांची मिळकत त्याच्यामुळें आटते.

ही आटण कशी होते याचें एक उदाहरण डोळ्यांपुढें आहे. संगणकाचें कार्यक्रमलेखन करणारांनीं एकमेकांच्या शंका सोडवाव्या यासाठीं २००८ मध्यें स्टॅक ओव्हरफ्लो ही जागा निघाली. कोणी वेतन न घेतां हजारों जाणकारांनीं तेथें उत्तरें दिलीं, आणि पुढें यंत्रें ज्या साठ्यावर शिकलीं त्यांत हीं उत्तरेंहि होतीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी आल्यानंतर तेथें विचारल्या जाणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्यानें उतरली. जुन्या शंकांचीं उत्तरें यंत्रापाशीं आहेत. उद्यां नवें साधन निघेल, नवी अडचण येईल, तिचें पहिलें उत्तर चार लोकांत कोठें लिहिलें जाणार?

लेखक व प्रकाशक यांनीं तूर्त तीन वाटा धरल्या आहेत. पहिली कुंपणाची. वर्गणी दिल्याशिवाय लेख उघडत नाहीं अशी व्यवस्था पुष्कळांनीं केली. जुलै २०२५ मध्यें क्लाउडफ्लेअर कंपनीनें आपल्या नव्या गिऱ्हाइकांच्या संकेतस्थळांवर अशा फिरत्या यंत्रांस मुळांतच अटकाव ठेवण्याचें आणि प्रत्येक भेटीस मोल घेण्याची सोय काढण्याचें जाहीर केलें. दुसरी वाट कराराची. असोसिएटेड प्रेसनें जुलै २०२३ मध्यें ओपनएआय कंपनीशीं करार केला. न्यूयॉर्क टाइम्सनें तिच्यावर डिसेंबर २०२३ मध्यें दावा लाविला आणि मे २०२५ मध्यें ॲमेझॉनशीं करार केला. आपल्याकडेहि एएनआय या वृत्तसंस्थेनें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयांत ओपनएआयवर दावा दाखल केला. तिसरी वाट, यंत्रास आवडेल असें लिहिण्याची. त्याच्या उत्तरांत आपलें नांव यावें म्हणून लेखाची मांडणी करणें. या तिसरीचा परिणाम काय होतो, तें शब्द पेरणाऱ्यांच्या काळांत आपण एकदां पाहिलेलें आहे. पहिल्या दोन वाटा मोठ्यांस परवडतात. घरीं बसून लिहिणाऱ्या त्या शिक्षकाशीं करार करण्यास कोणी येणार नाहीं, आणि त्यानें कुंपण घातलें तर आंत काय आहे हेंहि कोणास कळणार नाहीं.

मराठी वाचकास हा प्रश्न परका नाहीं. २०२५ च्या अखेरीपर्यंत गूगलची प्रश्नोत्तरांची नवी सोय मराठींतहि आली. मराठींत विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळावें तर मराठींत आधीं कोणी तरी लिहिलेलें असलें पाहिजे, नाहीं तर तें परभाषेंतून ओतलेलें असणार. आपल्याकडील हा साठा थोडा, आणि तो प्रत्येक वेळीं कोणाच्या तरी पदरमोडीनें झालेला आहे. डॉ. केतकर यांनीं ज्ञानकोशासाठीं मंडळी काढली, भाग विकून भांडवल जमविलें, वर्गणीदार मिळविले, आणि १९२० पासून त्या दशकांत तेवीस खंड महाराष्ट्राच्या हातीं दिले. या उद्योगाच्या हिशेबाची हकीकत त्यांनीं स्वतःच एका ग्रंथांत लिहून ठेवली आहे; ज्ञान गोळा करण्यास पैसा लागतो आणि तो मागण्यांत लाज नाहीं, ही त्यांची धारणा तींत पानोपानीं दिसते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाईस झालेल्या विश्वकोशाचा खर्च सरकारनें सोसला. २००३ मध्यें सुरूं झालेला मराठी विकिपीडिया स्वयंसेवकांनीं आपल्या फावल्या वेळांत रचला. वर्गणीदार, सरकार आणि स्वयंसेवक, या तिघांपैकीं कोणी तरी भार उचलला म्हणून आज यंत्रास मराठींत सांगण्यासारखें कांहीं आहे.

म्हणून तीस शब्दांचा तह पुन्हां करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. शब्द मोजून हा प्रश्न सुटत नाहीं, हें १९३५ सालींच सिद्ध झालें. परंतु त्या तंट्याचा शेवट गोड झाला तो आपोआप नव्हे, हेंहि तितकेंच खरें. सांगणाऱ्यानें मिळविण्याच्या खर्चांत वांटा उचलला, तेव्हांच तो झाला. आजच्या उत्तरयंत्रांच्या मालकांनीं तो वांटा उचलावा. स्वखुशीनें उचलीत नसतील तर कायद्यानें उचलावयास लावावा, आणि त्यांत लहान लेखकाचा हिस्सा असावा, एवढें मागणें अवाजवी नाहीं. तोंपर्यंत वाचकांच्याहि हातीं कांहीं आहे. उत्तराखालीं आधाराचें नांव दिसतें. ज्या विषयाची आपणांस खरी चाड आहे त्यापुरतें तरी त्या नांवापाशीं जावें, तें लेखन कोणाचें आहे तें पाहावें, आणि आवडलें तर त्याचे वर्गणीदार व्हावें. ज्ञानकोशाचे वर्गणीदार झालेलीं मराठी कुटुंबें आजच्याहून श्रीमंत नव्हतीं.